रात्रीच्या उजेडात आपला उजेड

रात्री उघड्यावर फोटो काढायचे तर फ्लॅश बंद ठेवा, असा सल्ला आज बहुतेक जण देतात. त्याला कारणही आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेल्या फ्लॅशने काढलेला रात्रीचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. चेहरा पांढराफटक, कपाळावर चकाकी, डोळे लाल, आणि मागचं देऊळ, झाडं, माणसं, दिवे सगळं काळंठिक्कर. त्यात आता नव्या कॅमेऱ्यांचे सेन्सर आयएसओ ६४०० वरही स्वच्छ चित्र देतात. मोबाइलचा नाइट मोड एकामागून एक फ्रेम टिपतो, त्या एकत्र करतो आणि अंधाऱ्या बोळातलंही सगळं स्पष्ट दाखवतो. मग फ्लॅश हवा कशाला, असा प्रश्न नव्याने कॅमेरा हाती घेतलेली मुलं विचारतात. हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलं आहे.

सेन्सर कितीही संवेदनशील असला तरी तो आहे तोच उजेड गोळा करतो. तो उजेड कुठून पडावा, हे त्याच्या हातात नसतं. रस्त्यावरचा दिवा थेट डोक्यावरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठवतो. मंडपातला हॅलोजन चेहऱ्याची एक बाजू भाजून काढतो आणि दुसरी सोडून देतो. नाइट मोड हे सगळं अधिक उजळ करून दाखवील, पण दिव्याची जागा बदलू शकणार नाही. शिवाय त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लेझीम खेळणारा हात कुठल्या कुठे गेलेला असतो. फ्लॅश नेमक्या याच दोन गोष्टी देतो, उजेडाची दिशा आणि गोठलेला क्षण. माझं म्हणणं एवढंच आहे की फ्लॅश अंधार घालवण्यासाठी वापरू नये. अंधारातलं काय दिसावं आणि काय झाकलेलंच राहावं, हे ठरवण्यासाठी तो वापरावा. पुढची सगळी प्रकरणं या एका म्हणण्याभोवती फिरतात.

हे म्हणणं ज्याच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसतं, तो छायाचित्रकार अमेरिकेचा ओ. विन्स्टन लिंक. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, पोटापाण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींचे आणि उद्योगांचे फोटो काढणारा. १९५५ साली तो व्हर्जिनियात गेला असताना त्याला नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं दिसली. बाकीच्या मोठ्या अमेरिकी कंपन्या डिझेलकडे वळल्या होत्या आणि ही कंपनीही वळणार हे दिसत होतं. लिंकने पुढची पाच वर्षं त्या गाड्यांमागे घालवली, आणि बरेचसे फोटो मुद्दाम रात्री काढले. त्याचा युक्तिवाद सरळ होता. सूर्य आपल्याला हलवता येत नाही, रूळही हलवता येत नाहीत, आणि सूर्य हवा तिथे कधीच नसतो. रात्री मात्र प्रत्येक दिवा आपण ठेवू तिथे असतो. दिवसा करड्या आभाळापुढे इंजिनाची वाफ विरून जाते. रात्री बाजूने उजेड मारला की तीच वाफ काळ्या आभाळावर पांढरीशुभ्र उभी राहते.

ऑगस्ट १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या येगर गावात काढलेला त्याचा ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ हा फोटो नीट पाहण्यासारखा आहे. पुढे मोटारीत बसून सिनेमा पाहायचं उघडं थिएटर आहे. गाड्यांच्या रांगा लागलेल्या आहेत, आणि अगदी पुढच्या टपउघड्या गाडीत एक तरुण जोडपं बिलगून बसलं आहे. पडद्यावर विमान आहे, आणि पडद्याच्या बाजूने धूर ओकत मालगाडी धावते आहे. यासाठी लिंकने चाळीसहून अधिक फ्लॅशबल्ब लांबच लांब तारांनी जोडून ठिकठिकाणी दडवले होते. ते सगळे एकदम पेटले. एकदा जळालेला बल्ब पुन्हा चालत नसे, त्यामुळे गाडी समोर आली की संधी एकदाच. शिकणाऱ्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बल्बांच्या झगझगाटात पडद्यावरचं चित्र पार धुऊन निघालं. विमानाचं दृश्य लिंकला नंतर वेगळ्या निगेटिव्हवरून तिथे बसवावं लागलं. पडद्याचा उजेड मंद, त्याला वेळ हवा. बल्बांचा उजेड प्रखर, क्षणात संपणारा, आणि पडद्यावरही पडणारा. चाळीस बल्बांची वायरिंग स्वतः आखणाऱ्या माणसालाही या दोन उजेडांचा मेळ एका फ्रेममध्ये जमवता आला नाही, इतकं ते अवघड आहे. १९६० साली त्या रेल्वेवरची वाफेची इंजिनं बंद झाली. आज रोआनोकमधल्या जुन्या रेल्वे स्टेशनात लिंकच्या फोटोंचं संग्रहालय आहे.

लिंकच्या आधीचा इतिहास पहिल्या प्रकरणात सविस्तर दिला आहे, इथे धावता सांगतो. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहान्नेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून क्षणात भडकणारी पूड तयार केली. ती बातमी वाचून न्यूयॉर्कचा पत्रकार जेकब रीस त्या शहरातल्या गरीब वस्त्यांच्या अंधारात शिरला. त्याचं पुस्तक १८९० मध्ये आलं आणि घरांच्या दुरवस्थेवर तिथे मोठी चर्चा झाली. पूड धोक्याची होती, रीसच्या हातून दोनदा आगी लागल्या. जॉर्ज शायरस याने तीच पूड होडीत ठेवून रात्री तळ्याकाठच्या हरणांचे फोटो काढले. नॅशनल जिऑग्राफिकने जुलै १९०६ च्या अंकात त्याचे ७४ फोटो छापले. १९२९ च्या सुमारास काचेतला फ्लॅशबल्ब आला आणि धूर व ठिणग्या संपल्या. १९३० च्या दशकात एमआयटीतल्या हॅरल्ड एजर्टनने विजेचा फ्लॅश कामाला लावला. कॅपॅसिटरमध्ये साठवलेली वीज वायूने भरलेल्या नळीतून क्षणात सोडायची, हेच तत्त्व आज आपल्या बॅगेतल्या फ्लॅशमध्येही आहे.

या इतिहासातला एक माणूस आपल्या देशात काम करत होता आणि त्याचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन हा संयुक्त प्रांतातला वन अधिकारी. त्या काळी अधिकाऱ्यांच्या बंगल्यात वाघाची कातडी टांगलेली असे. चॅम्पियनला वाघ मारायचा नव्हता. जंगलातल्या पायवाटेवर तो बारीक तार लावी. वाघाचा पाय तारेला लागला की पूड भडके आणि कॅमेऱ्याचं शटर उघडे, म्हणजे वाघ स्वतःचाच फोटो काढी. १९२५ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने ते फोटो छापले आणि रात्री आपल्या वाटेने निवांत चालणारा रानातला वाघ जगाने पाहिला. ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्याचं पुस्तक त्यानंतर आलं. दोन वाघांच्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात आणि त्यांवरून वाघ ओळखता येतो, हे त्याने अशा फोटोंमधूनच दाखवलं. आज ताडोबात किंवा मेळघाटात ट्रॅप कॅमेऱ्यांतले पट्टे जुळवून वाघ मोजतात, त्या पद्धतीचं मूळ चॅम्पियनच्या तारेत आहे. जिम कॉर्बेट बंदूक सोडून कॅमेऱ्याकडे वळला, त्यामागेही चॅम्पियनचीच प्रेरणा होती. रात्रीच्या फ्लॅशने केलेल्या कामांत मी हे सर्वांत मोठं मानतो.

आता मूळ तंत्राकडे येऊ. हे एकदा नीट समजलं तर निम्मं पुस्तक समजलं असं धरा. रात्रीच्या फ्लॅशच्या फोटोत दोन एक्सपोजर एकाच वेळी होत असतात, एक त्या जागेच्या उजेडाचं आणि एक आपल्या उजेडाचं. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जातो, त्यामुळे शटर किती वेळ उघडं आहे याचा त्याला फरक पडत नाही. जागेच्या उजेडाला मात्र पडतो. म्हणून पार्श्वभूमी शटरने सांभाळायची आणि फ्लॅशने उजळलेली वस्तू फ्लॅशच्या ताकदीने. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोघांवरही परिणाम करतात.

त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ घ्या. देवळापुढच्या दीपमाळेवर पणत्या लागल्या आहेत. कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर एक बाई पणत्यांचं तबक घेऊन उभी आहे आणि दीपमाळ आठ मीटरवर आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारलात तर अंतर चौपट म्हणून दीपमाळेवर बाईच्या मानाने सोळावा हिस्सा उजेड पडतो. म्हणजे चार स्टॉपचा फरक, आणि म्हणूनच मागचं सगळं काळं. आता फ्लॅश बंद करा. कॅमेरा मॅन्युअलवर घ्या आणि नुसत्या दीपमाळेसाठी एक्सपोजर शोधा. समजा ते आयएसओ १६००, एफ/४ आणि १/१५ सेकंद निघालं. ज्योती दिसताहेत, दगडावरचा तांबूस उजेड दिसतो आहे, बाई मात्र जवळजवळ सावलीत आहे. इथे फ्लॅश हवा, पण किती? ज्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे पल्ल्याचे मीटर आणि एफ-आकडा यांचा गुणाकार, आयएसओ १०० ला ४० आहे, तो एफ/४ ला दहा मीटरपर्यंत पोचतो, आणि आयएसओ १६०० ला चाळीस मीटरपर्यंत. आपल्याला तर दोनच मीटर जायचं आहे. छोटा सॉफ्टबॉक्स लावूनही १/१२८ किंवा फार तर १/६४ ताकद पुरते.

हे आकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खोटे वाटतात. अंधार जास्त तर फ्लॅश जोरात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात भर उन्हात चेहऱ्यावरची सावली भरून काढायला फ्लॅशला पूर्ण ताकद लागते, कारण सामना सूर्याशी असतो. रात्री त्याला पणतीशी बरोबरी करायची असते, पणतीला हरवायचं नसतं. ताकद कमी ठेवली की दुसराही फायदा होतो. फ्लॅशची चमक आणखी आखूड होते, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्याही खाली जाते, आणि उडणारा थेंब किंवा ढोलावर पडणारी काठी हवेत थिजते.

तोच फ्लॅश सोबत्याच्या हातात देऊन बाईच्या उजवीकडे, तिच्या डोक्यापेक्षा थोडा वर धरायला सांगा आणि त्यावर नारिंगी जिलेटिन लावा. नाटकाच्या प्रकाशयोजनेत वापरतात तेच जिलेटिन. तबकातल्या पणत्यांचाच उजेड चेहऱ्यावर पडला आहे असं वाटेल. मग दीपमाळ जास्तच उजळ वाटली तर शटर १/६० वर न्या. मागचं दोन स्टॉप अंधारेल, बाईचा चेहरा जवळपास आहे तसाच राहील.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब नेणं हा या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. पुढे कुठे विस्तार जास्त झाला आहे असं वाटलं तर तो याच एका गोष्टीचा आहे. याचं कारण रात्रीच्या हवेत आहे. रात्रीची हवा रिकामी नसते. तिच्यात धूळ, धूर, गुलाल, पाऊस, धुकं असतं आणि फ्लॅश हे सगळं उजळतो. जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला रात्री पालखी डोंगरात निघते आणि भंडारा हवेत उधळला जातो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारलात तर लेन्सपासून अर्ध्या मीटरवर तरंगणाऱ्या कणावर, चार मीटरवरच्या माणसाच्या चौसष्टपट उजेड पडतो. ते कण फोकसच्या बाहेर असतात. त्यामुळे फोटोभर फिकट पिवळ्या गोल टिकल्या उठतात आणि त्यांच्यामागे पालखी हरवून जाते. आता फ्लॅश बाजूला आणि थोडा मागे न्या, म्हणजे त्याचा झोत लेन्सपुढच्या हवेतून जाणार नाही. उधळलेला भंडारा मागून उजळतो, त्याचा हळदी रंग पूर्ण दिसतो आणि माणसांच्या कडा त्यातून कोरल्यासारख्या वर येतात. पूड तीच, हवाही तीच, फ्लॅश फक्त दोन पावलं सरकला.

पावसाचंही तसंच. आंबोलीच्या घाटात जून-जुलैच्या रात्री बेडकांचे फोटो काढायला जाणाऱ्यांची संख्या आता बरीच वाढली आहे. समोरून फ्लॅश मारला की पावसाचे थेंब पांढऱ्या डागांसारखे पसरतात आणि बेडकाच्या ओल्या पाठीवर नुसती चकाकी येते. पानाच्या मागून किंवा बाजूने, डिफ्यूझरमधून मारला की कातडीवरची प्रत्येक पुळी दिसते आणि थेंब मोत्यांसारखे चमकतात. फोकससाठी सोबत्याने मंद टॉर्च धरावी. बेडूक आहे तिथेच फोटो काढावा. चांगल्या पानासाठी त्याला उचलून दुसरीकडे ठेवणं मला मान्य नाही, मग कोणी कितीही मोठा छायाचित्रकार तसं करत असो.

शटरच्या पडद्याबद्दल एक प्रकरण आहे. ते लहान आहे, पण मिरवणुकीचे फोटो काढणाऱ्यांनी चुकवू नये. मंद शटरला फ्लॅश सुरुवातीला पेटला तर मशाल घेऊन धावणाऱ्याच्या पुढे ज्वाळेची रेघ उमटते आणि माणूस मागे मागे जातोय असं वाटतं. रिअर कर्टनवर ठेवला तर फ्लॅश शटर मिटायच्या आत पेटतो आणि रेघ मागे राहते. एवढी एक सेटिंग मिरवणुकीचा वेग पुढच्या दिशेने वळवते.

रंगांचं प्रकरण जुन्या आवृत्त्यांच्या मानाने आता बदललेलं दिसेल. सोडियमचे पिवळे दिवे गावोगावच्या रस्त्यांवरून झपाट्याने गेले आणि त्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. पूर्वी रस्त्यावर फ्लॅशला नारिंगी जिलेटिन लावल्याशिवाय चालतच नसे. आता अनेक ठिकाणी ते न लावणंच बरं. एकाच चौकात एलईडी, दुकानाच्या ट्यूब आणि मंडपाच्या माळा असतील तर पार्श्वभूमीत सर्वांत जास्त जागा ज्या दिव्याची आहे त्याच्याशी जुळवून घ्यावं आणि बाकीचे रंग राहू द्यावेत.

क्रिकेटच्या सामन्यात स्टँडमधून खेळपट्टीकडे फ्लॅश मारणाऱ्यांसाठी एकच वाक्य पुरे. मोबाइलचा फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पुढे फारसा उपयोगी पडत नाही.

माणसांबद्दल मात्र अधिक लिहिलं आहे. रीसचा हेतू चांगला होता, पण मध्यरात्री दार ढकलून झोपलेल्या गरिबांच्या तोंडावर स्फोट करायला त्याने त्यांची परवानगी घेतली नव्हती. चित्रं मोठी ठरली म्हणून ती पद्धत आपण उचलू नये. सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतार उत्तररात्रीपर्यंत चालतो. नट हार्मोनिअम-पखवाजाच्या साथीवर, मनातून संवाद रचत उभा असतो. त्याच्या डोळ्यांत समोरून फ्लॅश मारणं म्हणजे खेळ मोडणं. प्रयोग चालू असताना फ्लॅश वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रंगपटात, विचारून, राजा मुकुट बांधत असताना वापरा, तिथे तो शोभतो. विसर्जनाच्या गर्दीत प्रत्येकाला विचारणं शक्य नसतं. तिथे ताकद कमी ठेवा, लहान मुलांच्या तोंडाजवळ फ्लॅश नेऊ नका, आणि एखाद्याने हात आडवा केला की थांबा. घाटातल्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याच्या दिशेने फ्लॅश कधीही मारू नका.

शेवटचं प्रकरण प्राण्यांचं. प्राण्यांचा फोटो फ्लॅशने काढूच नये, असं मी म्हणत नाही. चॅम्पियनचं काम डोळ्यांपुढे असताना ते म्हणताही येणार नाही. नयन खानोलकर यांच्या ‘द अ‍ॅली कॅट’ या फोटोला २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, आदिवासी वस्तीतल्या बोळातून बिबट्या शांतपणे चालत येतो आहे. त्यांनी फ्लॅश असे मांडले होते की बोळात रोज असतो तसाच उजेड पडावा. फोटो पाहताना फ्लॅश लागला आहे हे चटकन कळतही नाही. दोन उजेडांचा मेळ म्हणतात तो हाच, आणि तो आपल्या मुंबईत साधला गेला आहे.

काही जागी मात्र फ्लॅश नकोच. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजवे झाडं उजळतात. ते त्यांचं जोडीदाराला बोलावणं असतं, आणि आपला फ्लॅश व टॉर्च त्यात व्यत्यय आणतात. शिवाय काजव्यांचा फोटो फ्लॅशने निघतच नाही, त्याला ट्रायपॉड आणि लांब एक्सपोजर लागतं. कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री अंडी घालायला वर येते. उजेडाने ती बिचकून परत फिरू शकते, आणि पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. माणसाच्या डोळ्याला अंधाराला पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. रात्रीवर जगणाऱ्या घुबडाच्या डोळ्यांवर घरट्यापाशी पुन्हा पुन्हा फ्लॅश मारण्याआधी एवढं तरी आठवावं.

सामान फार लागत नाही. मॅन्युअल ताकद बदलता येईल असा कुठलाही साधा फ्लॅश, ट्रिगरची एक जोडी, जिलेटिनचे दोन तुकडे आणि फ्लॅश धरायला तयार असलेला एक सोबती. टीटीएल असलेला, म्हणजे किती उजेड हवा हे आपोआप ठरवणारा, महागडा फ्लॅश नसला तरी अडत नाही. शिकताना तो नसलेलाच बरा, कारण हिशेब स्वतः करावा लागतो. पुस्तक पहिल्यापासून क्रमाने वाचायलाच हवं असंही नाही. पण दोन एक्सपोजरचं प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटा आणि अंधार पडल्यावर घराबाहेर जा. आधी फ्लॅश न लावता गल्लीचा फोटो काढा, मग ओळखीच्या एखाद्या माणसाला उभं करून फ्लॅश हाताने बाजूला धरून, सगळ्यात कमी ताकदीवर. पुढची प्रकरणं त्यानंतर वाचा.